कंप, सर्पगंधा आणि खाजकुइली

हाताच्या थरथरीला आयुर्वेदात कंप किंवा वेपथु म्हटले असून तिची गणना वातविकारांत केली आहे. व्यवहारात मात्र ‘कंपवात’ हा एकच शब्द अनेक भिन्न विकारांना सरसकट लावला गेला. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेल्या विकारातील कंप हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो आणि वस्तू उचलताना बहुधा ओसरतो, तर ‘इसेन्शियल ट्रेमर’ या, पुष्कळदा घराण्यात चालत आलेल्या कंपात चहाची बशी ओठांशी नेतानाच हिंदकळते. पहिल्यात अक्षर बारीक होत जाते, दुसऱ्यात ते मोठे व वेडेवाकडे होते. बँकेतली सही जुळेनाशी होते ती दोन्हींत. मुंबईतील वसाहतींमध्ये राहणाऱ्या १४,०१० पारशी रहिवाशांच्या घरोघर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष भरूचा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा पार्किन्सनचे ४६ रुग्ण आढळले आणि इसेन्शियल ट्रेमरची मोजणी स्वतंत्रपणे करण्यात आली.

पार्किन्सनच्या कारणाचा शोध मात्र मुंबईतूनच एका वेगळ्या वाटेने पुढे गेला होता. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील सर्पगंधा या वनस्पतीच्या उपयोगाविषयी ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहिला आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले; पण ते घेणाऱ्या काही रुग्णांचे हात कापू लागले, अंग ताठरले. औषधानेच पार्किन्सनची नक्कल घडवली होती, आणि एरवी व्याधी वाटणारी थरथर कित्येकदा औषधाच्या चिठ्ठीतून येते, हे आजही सहज विसरले जाते. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना लेवोडोपा देऊन पुन्हा हालते केले. मेंदूत लेवोडोपापासून डोपामिन हा संदेशवाहक पदार्थ बनतो, आणि त्याची उणीव पार्किन्सनच्या मुळाशी आहे, असे पुढे सिद्ध झाले.

हाच लेवोडोपा खाजकुइलीच्या बियांत असल्याचे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवले होते. कपिकच्छू या संस्कृत नावाने ग्रंथांत येणारी ही वेल बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आढळते. तिच्या शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की खाजेने जीव नकोसा होतो, त्यामुळे ओळखणारा माणूस तिला वळसा घालूनच जातो. डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवरील तिच्या उपयोगाचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथोक्त औषधाच्या प्रत्यक्ष अनुभवापासून आरंभ करून प्रयोगशाळेकडे जाणारी ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ ही पद्धत वैद्य यांनी पुढे विलेपार्ल्याच्या कस्तुरबा हेल्थ सोसायटीच्या संशोधन केंद्रातून मांडली.

लेवोडोपाने गुण आला तर पार्किन्सनचे निदान बळकट होते, हा वैद्यकातील संकेत याच इतिहासातून आला; पण ताठरपणा आणि मंदपणा त्याला जितक्या लवकर दाद देतात तितका कंप देईलच असे नाही, म्हणून गोळी सुरू होऊनही हात थांबत नाही तेव्हा पार्किन्सन नाकारता येत नाही आणि नक्की झाला असेही म्हणता येत नाही.