मोबाईलवरची सरकारी आणि रोजची कामं: कोणतं ॲप कशाला, आणि फसवणूक कशी टाळायची

गावात आता बहुतेक घरांत एक तरी स्मार्टफोन आहे. त्यावर व्हिडिओ बघितले जातात, शुभ सकाळचे फोटो फिरतात, पण सातबारा काढायचा म्हटलं की आजही माणूस भाड्याला पैसे घालून तालुक्याला जातो. दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि साहेब मिटिंगला गेले असले तर परत उद्या या. यातली बरीच कामं बांधावर उभं राहून होतात. मात्र ज्या फोनवर ही कामं होतात, त्याच फोनवरून बँकेचं खातंही रिकामं होतं. म्हणून कोणतं साधन कशाला वापरायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे दोन्ही इथे एकत्र दिलं आहे. बातमी जपून ठेवा, घरातल्या थोरांना वाचून दाखवा.

आधी एक काम: आधारला कोणता नंबर आहे?

पुढच्या बऱ्याच सेवांची चावी म्हणजे आधारला जोडलेला मोबाईल नंबर. ओटीपी त्यावरच येतो. खेड्यात अडचण अशी, की आधार काढताना कोणाचा तरी नंबर दिलेला असतो. कधी पुतण्याचा, कधी सेतूवाल्याचा, कधी रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला. बंद नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते, आणि मग आपला ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर जातो.

नंबर बदलायला आधार केंद्रावर स्वतः जाऊन अंगठा देता येतो. हे घरबसल्या करून देतो असं कोणी फोनवर म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका. आधारची हेल्पलाइन 1947 आहे. बँकेच्या पासबुकालाही कोणता नंबर जोडलाय तेही एकदा शाखेत विचारून घ्या. पैसे कापल्याचा मेसेज ज्याच्या फोनवर जातो, त्यालाच चोरी आधी कळते.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सातबारा फुकट बघता येतो. पण तो नुसता माहितीसाठी असतो, बँकेत किंवा कोर्टात चालत नाही. कामाला लागतो तो डिजिटल स्वाक्षरीचा उतारा. डिजिटल सातबाराच्या संकेतस्थळावर नंबर नोंदवून 15 रुपये भरले की तो डाऊनलोड होतो. त्यावर क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक असतो, त्यामुळे तलाठ्याच्या (आताचे ग्राम महसूल अधिकारी) सही-शिक्क्याची गरज उरत नाही. कोणी दुकानदार यासाठी शंभर-दीडशे मागत असेल, तर सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती हे विचारा.

याहून महत्त्वाची आणि कमी माहितीची सोय म्हणजे ‘आपली चावडी’. जमिनीवर खरेदी, वारस, बोजा अशी नोंद व्हायची असली की तिची नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस मिळतात. पूर्वी ही नोटीस चावडीच्या फळ्यावर लागायची. पुण्या-मुंबईला राहणाऱ्याला ती कळायची नाही, आणि भाऊबंदकीत नेमकं तेच हवं असायचं. आता गाव निवडून ती मोबाईलवर दिसते. महिन्यातून दोनदा बघायची सवय लावा. हरकत मुदतीत आणि लेखी द्या, पोच घ्या. वारस नोंद, बोजा चढवणं-उतरवणं अशा अर्जांसाठी ‘ई-हक्क’ ही ऑनलाइन सोय आहे.

ई-पीक पाहणी: टाळली तर विक्रीच्या वेळी अडतं

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवायची पद्धत सुरू झाली. ॲपवर खातेदार निवडायचा, गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं आणि शेतात उभं राहून फोटो काढायचा. फोटोबरोबर जागेची नोंद जाते, म्हणून घरी बसून ते होत नाही. फोनचं लोकेशन सुरू ठेवा. चूक झाली तर 48 तासांच्या आत एकदा दुरुस्ती करता येते.

सोयाबीन, तूर हमीभावाने विकायची असली की खरेदी केंद्रावर सातबाऱ्यावरचा पीकपेरा मागतात. नोंद नसेल तर माल व्यापाऱ्याला पडेल भावात द्यावा लागतो. नुकसान भरपाई आणि पीक कर्जालाही हीच नोंद बघितली जाते. शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम बसतात आणि सर्व्हर दमतो, म्हणून पीक दिसायला लागलं की लगेच उरकून घ्या. गावात रेंज नसलेल्यांचं काम शेजारच्या पोराने केलं तर तेवढंच पुण्य.

मेघदूत आणि दामिनी: हवामानाची दोन ॲप

व्हॉट्सॲपवर पावसाचे अंदाज रोज फिरतात, कोणाचे ते कळत नाही. ‘मेघदूत’ हे ॲप भारतीय हवामान विभाग, पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने मिळून काढलं आहे. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा दिसतो आणि मंगळवारी व शुक्रवारी पिकांचा सल्ला येतो. फवारणी कधी घ्यायची, कापणी पुढे ढकलायची का, हे ठरवायला ते पुरतं. मराठीत आहे.

‘दामिनी’ हे त्याच पुण्याच्या संस्थेचं वीज पडण्याची सूचना देणारं ॲप. आपल्याभोवती 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत विजा होत असतील तर ते सावध करतं. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात गुराख्यांच्या, शेतमजुरांच्या फोनवर हे असायलाच हवं. सूचना आली की झाडाखाली थांबू नका, बैलांना झाडाला बांधू नका, तळ्या-विहिरीपासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब व्हा, पक्क्या घरात जा. आडोसाच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे पडू नका.

डिजिलॉकर: कागदपत्रांची पेटी

2015 साली सुरू झालेल्या या सरकारी सेवेत आधार, वाहन परवाना, गाडीचं आरसी बुक, मार्कशीट अशी कागदं ठेवता येतात. यात एक फरक ध्यानात ठेवा. संबंधित खात्याकडून थेट आलेली कागदं ‘इश्यूड’ मध्ये दिसतात आणि त्यांना मूळ कागदाइतकाच मान आहे. आपण फोटो काढून स्वतः चढवलेली कागदं ‘अपलोडेड’ मध्ये जातात, त्यांना तो मान नाही. रस्त्यावर पोलिसाने अडवलं तर पहिल्या प्रकारातला परवाना दाखवता येतो. गॅलरीतला फोटो मात्र चालत नाही.

ग्रामपंचायतीचा पैसा, वीज आणि दाखले

‘ई-ग्रामस्वराज’ या केंद्राच्या संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि कोणत्या कामावर किती पैसे पडले हे कोणालाही बघता येतं. लॉगिन लागत नाही. कागदावर पूर्ण झालेली गटार प्रत्यक्षात आहे का, हे ग्रामसभेत विचारायचं असेल तर आधी इथला आकडा लिहून घ्या. आकडा हातात असला की बोलणं भांडणावर जात नाही.

महावितरणच्या ॲपवर बिल बघता येतं, भरता येतं, मीटरचं रीडिंग स्वतः पाठवता येतं आणि तक्रार नोंदवता येते. फोनवरून तक्रारीसाठी 1912 आहे. उत्पन्न, रहिवासी, जात अशा दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा, मुदत उलटली तर त्याच क्रमांकावर अपील करता येतं.

लिहिता येत नाही? बोला

मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं चित्र असतं. भाषा मराठी करून ते दाबलं आणि बोललं की आपोआप टाईप होतं. ज्यांना वाचायला जड जातं त्यांनी गुगल लेन्सने इंग्रजी कागदाचा फोटो घेतला तर त्याचं मराठी दिसतं. भाषांतर तंतोतंत नसतं. औषधाच्या डब्यावरचा डोस, बँकेची नोटीस अशा गोष्टी जाणकाराला दाखवूनच ठरवा. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण मात्र वाचता न येणाऱ्यालाही कळतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. शेतीच्या प्रश्नांसाठी किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा फुकट नंबर आहे.

आता सावधगिरी: चोर कुठून शिरतो

एक, एपीके फाईल. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. ती पत्रिका नसते, ॲप असतं. उघडून परवानगी दिली की आपले मेसेज आणि ओटीपी चोराला दिसतात. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्याचाही फोन आधीच चोराच्या हातात गेलेला असू शकतो. ॲप घ्यायचं तर फक्त प्ले स्टोअरवरून, आणि सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघून.

दोन, यूपीआयचा पिन. पैसे यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. ‘तुमचा हप्ता अडकलाय, पिन टाका’ म्हणजे तुमच्याच खात्यातून पैसे जाणार. जनावर किंवा ट्रॅक्टर विकायची जाहिरात टाकली की असे फोन हमखास येतात.

तीन, अंगठा. आधारवर अंगठा देऊन पैसे काढायची सोय चांगली आहे, पण अंगठ्याचा गैरवापरही होतो. आधारच्या अधिकृत ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून अंगठा लॉक करता येतो. लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवरही अंगठा चालणार नाही, तेव्हा जाण्याआधी थोड्या वेळापुरता उघडावा लागतो. ज्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी हे करून देणारं कोणी नाही, त्यांनी लॉक करण्यापेक्षा प्रत्येक वेळी पावती मागावी आणि ‘मशीन चाललं नाही, परत अंगठा द्या’ म्हटलं की आधी खात्यातली शिल्लक विचारावी.

चार, व्हॉट्सॲप. सेटिंग्जमध्ये अकाउंटमध्ये जाऊन ‘टू स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करा आणि सहा आकडी पिन ठेवा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ मध्ये अनोळखी मशीन दिसलं तर लगेच काढा. ज्या मेसेजवर दोन बाण दिसतात तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो, पुढे ढकलण्याआधी थांबा.

पाच, नावावरची सिमकार्डं. ‘संचार साथी’ या दूरसंचार विभागाच्या सेवेवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. आपला नसलेला नंबर तिथूनच कळवता येतो. हरवलेला मोबाईल बंद करायची सोयही तिथेच आहे. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो, तो *#06# दाबून आजच वहीत लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो कुठून काढणार?

पैसे गेलेच तर

लाजून गप्प बसू नका, आणि उद्या बघू म्हणू नका. लगेच 1930 ला फोन लावा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतो. ते काढून घेण्याआधी तक्रार पोहोचली तर बँकेत रक्कम गोठवता येते. प्रत्येक मिनिटाला ती शक्यता कमी होते. फोन लावताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. मग बँकेला कळवून खातं आणि कार्ड बंद करायला सांगा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि पोलीस ठाण्यात जा. एपीके उघडली असेल तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा आणि 1930 दुसऱ्या फोनवरून लावा. ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणून नंतर येणारा फोन हा दुसरा चोर असतो.

भिंतीवर लिहून ठेवायचे नंबर

सायबर फसवणूक 1930
पोलीस आणि इतर तातडीची मदत 112
रुग्णवाहिका 108
आधार 1947
वीज 1912
किसान कॉल सेंटर 1800-180-1551

हे नंबर फोनमध्ये सेव्ह करून भागत नाही. फोनच हातातून गेला तर काय? खडूने का होईना, दाराच्या मागे लिहून ठेवा.