तीन अटी आणि एक नवा मोबाईल

मुलाने दिवाळीत नवा मोबाईल हातात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. अंधारातही फोटो येतो." दोनशे मेगापिक्सेल म्हणजे वीस कोटी ठिपके, असं नातवाने समजावून सांगितलं. जन्मभर पाचवी-सहावीच्या पोरांना कोटी म्हणजे किती हे शिकवलं, पण कोटीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी अंगणातली तुळस, कुंपणावरची खार आणि रात्री समोरचा कडुनिंब असे फोटो काढले. कडुनिंब तर भर दुपारी काढल्यासारखा दिसत होता. मला जे डोळ्यांनी दिसत नव्हतं ते यंत्राला दिसलं! (एकाच वेळी अनेक फोटो घेऊन ते एकावर एक बसवतात म्हणे.)

त्याच उत्साहात दुसरा उद्योग केला. आमच्या सौभाग्यवती उन्हाळ्यात अंगणात पडल्या, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून बहुतेक वेळ पलंगावरच. रात्री दोनला मला जाग आली. ती झोपली होती, खोलीत झिरोचा दिवा. मी फोटो काढला. सकाळी कौतुकाने दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि एवढंच म्हणाली, "मला विचारलं होतंत का?"

मी गप्प. मग मला कनूभाई आठवले.

आमच्या सावंगीहून वर्धा गाव ओलांडलं की पुढे सेवाग्राम. नोकरीत असताना शाळेच्या किती सहली तिथे नेल्या त्याची गणती नाही. पोरांना बापूकुटी दाखवायचो, आदिनिवास दाखवायचो. पण भिंतीवरचे फोटो कोणी काढले, हे एकाही पोराने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळलं, की त्या काळातले बापूंचे कितीतरी फोटो कनू गांधींचे आहेत.

कनू हे बापूंचे पुतणे नारणदास गांधी यांचे चिरंजीव. जन्म १९१७चा. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण बापूंच्या कामात शिरले. हिशेब, पत्रव्यवहार, पडेल ते काम. फोटो काढायला त्यांना प्रवृत्त केलं ते विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी. कॅमेऱ्याला पैसे कुठून आणायचे? घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले. त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली.

बापूंनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला कधीही 'असे बसा, तसे बघा' म्हणायचं नाही. आणि आश्रम या छंदासाठी पैसे देणार नाही.

आता या अटींचा अर्थ समजायचा तर बापूकुटीत जाऊन उभं राहायला हवं. मातीच्या भिंती, खाली उतरलेलं कौलारू छप्पर, आत मंद उजेड. त्या काळची फिल्म आजच्या मानाने फारच मंद. एका रोलवर बारा फोटो, आणि रोल फुकट गेला तर आश्रम देणार नाही! म्हणून कनूभाईंच्या काही फोटोंत बापू चालताना हललेले दिसतात, चेहऱ्यावर सावली असते. पण बापू कॅमेऱ्यासाठी बसले आहेत असं वाटत नाही.

त्या कॅमेऱ्याची एक गंमत आहे. तो डोळ्याला लावत नाहीत. छातीशी-पोटाशी धरून वरून काचेत वाकून पाहायचं. म्हणजे फोटो काढणाऱ्याची मान आपोआप खाली झुकलेली. आपण मात्र मोबाईल समोरच्याच्या तोंडावर रोखतो.

परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करतानाचा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. शास्त्री संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगाने ग्रासलेले. त्या रोगाला लोक किती भीत ते आमच्या पिढीने पाहिलं आहे. बापू स्वतःच्या हाताने त्यांना मालीश करत. फोटोत बापूंचं लक्ष शास्त्रींच्या अंगाकडे आहे. तिथे फ्लॅश चमकला असता तर?

फ्लॅशवरून आठवलं. १९४६मध्ये 'लाइफ' मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट चरख्यासह बापूंचा फोटो काढायला आल्या, तेव्हा त्यांना आधी सूत कातायला शिकायला लावलं आणि मग फक्त तीन फ्लॅश बल्ब वापरायची परवानगी मिळाली. दोन वाया गेले, तिसऱ्याला जमलं. तो फोटो जगभर गेला. पाहुणीला तीन तरी बल्ब मिळाले, घरच्या मुलाला एकही नाही, असं माझ्या मनात येतं!

आणि अटी पाळूनही सगळं टिपता येईलच असं नव्हतं. फेब्रुवारी १९४४, पुण्याचा आगाखान पॅलेस. कस्तुरबा बापूंच्या मांडीवर अखेरचे श्वास घेत होत्या. तो क्षण बापूंनी कनूंना टिपू दिला नाही. जवळजवळ दहा वर्षं कॅमेरा घेऊन वावरलेल्या या माणसाला ३० जानेवारी १९४८चा दिवसही मिळाला नाही. त्या दिवशी ते नोआखालीत होते. बापूंच्या शेजारी होत्या त्या कनूंच्या पत्नी आभा. कनूभाई १९८६मध्ये गेले. त्यांच्या फोटोंचं चांगलं पुस्तक निघायला २०१५ साल उजाडावं लागलं.

आता माझी बाजूही सांगतो. माझ्या आईचा एकच फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातला. मागच्या ओळीत, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड. आई कशी दिसायची हे नातवाला सांगायला माझ्याकडे शब्दच आहेत. रात्री दोन वाजता मी बटण दाबलं ते कॅमेऱ्याच्या कौतुकाने, हे खरं. पण तेवढ्यानेच नाही. ते मात्र सौभाग्यवतींना सांगता येईना.

फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. खोलीत नव्हता एवढा उजेड त्यात होता. आणि मोबाईलने आपल्या मनाने तिच्या गालावरच्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या. वीस कोटी ठिपके, आणि ती नव्हतीच ती! नातवाला विचारून ती चेहरा गुळगुळीत करायची सोय आधी बंद केली. मग तिच्यासमोर बसून तो फोटो पुसला.

"पुसलात कशाला? मी फक्त विचारलं होतं."

"मग आता विचारतो. काढू का?"

"थांबा," म्हणाली. उशीला टेकून बसली, पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. बापूंची दुसरी अट मोडली. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं, त्यामुळे फ्लॅश लागला नाही.