दृष्टिहीन मुले: आश्रय, शाळा आणि कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मराठी मुलखात दृष्टिहीन मुलांसाठी शाळा नव्हती. देवी, तसेच कुपोषणामुळे आधी रातांधळेपणा येऊन मग बुबुळावर पडणारे फूल ही लहानपणी डोळे जाण्याची नेहमीची कारणे. अशा मुलाचा सांभाळ घरच्यांनी करायचा आणि घर पांगले तर त्याने देवळाच्या दारी बसायचे. विदर्भातील संत गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली होती. तरीही इतरांकडून वाचून घेत आणि सांगून लिहवून घेत त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. पण त्यांच्याजवळ वाचून दाखवणारी आणि लिहून घेणारी माणसे होती. ज्या मुलांजवळ ती नव्हती त्यांच्या बुद्धीचे काय झाले, याची नोंद कुठेच नाही.

भारतातील पहिली अंधशाळा मिशनरी ॲनी शार्प यांनी १८८७ साली अमृतसरला काढली. पुढे ती डेहराडूनजवळ राजपूरला गेली. मुंबईतील पहिल्या शाळेमागे दुष्काळ होता. १८९९–१९०० च्या दुष्काळाने असंख्य मुले अनाथ झाली आणि त्यांत दृष्टिहीन मुलेही होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली त्यांच्यासाठी शाळा सुरू केली. तीच आजची श्रीमती कमला मेहता दादर अंधशाळा, आता केवळ मुलींची. १९०२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या स्मरणार्थ ताडदेवला दुसरी शाळा उभी राहिली. तिचे पहिले प्राचार्य डॉ. नीलकंठराय छत्रपती स्वतः दृष्टिहीन होते. शिकवणारा माणूसच दृष्टिहीन असणे, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. या सर्व शाळांत अक्षरओळखीइतकाच भर वेताच्या खुर्च्या विणणे, विणकाम आणि संगीत यांवर होता. मुलाने मोठेपणी भीक मागू नये, ही त्यामागची पहिली चिंता. ती खरी होती, पण त्यापायी शिक्षणाचे क्षितिज आखूड राहिले.

लिपीचा प्रश्न त्याहून अवघड ठरला. लुई ब्रेल यांनी १८२४ च्या सुमारास पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असतानाच सहा टिंबांची लिपी सिद्ध केली, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. भारतात ती आल्यावर प्रत्येक शाळेने आपापल्या भाषेसाठी वेगळी जुळणी केली. कलकत्त्याचे लालबिहारी शाह यांची एक, नीलकंठराय यांची गुजरातीसाठी दुसरी, मिशनऱ्यांच्या आणखी काही. परिणामी एका शाळेत छापलेले पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाच्या बोटांना वाचता येईना आणि आधीच तुटपुंजी असलेली पुस्तके आणखी तुटपुंजी झाली. अनेक समित्या बसल्या, युनेस्कोची मदत घेतली गेली, आणि १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारले गेले. त्यात अक्षर कसे दिसते याला महत्त्व नाही, ध्वनीला आहे. मराठी, गुजराती, बंगाली वा तमिळ, ‘क’ची टिंबे सगळीकडे तीच. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी येत नाही, ‘क’ आणि मग ‘इ’ अशी ती उच्चाराच्या क्रमाने उमटते. मराठीच्या ‘ळ’लाही स्वतःचे चिन्ह मिळाले. पाटीत कागद अडकवून मूल टोचणीने उजवीकडून डावीकडे टिंबे पाडते आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचते. त्याच सुमारास डेहराडूनला केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाल्याने पाठ्यपुस्तके हाताने उतरवून काढण्याची गरज कमी झाली.

१९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. दशक संपता संपता मुंबईतच दृष्टिहीन मुलांना डोळस मुलांच्या वर्गात बसवण्याचे प्रयोग सुरू झाले. केंद्र सरकारने एकात्म शिक्षणाची योजना १९७४ मध्ये आखली. गावातल्या मुलाला वसतिगृहात न पाठवता घराजवळच्या शाळेत शिकता येण्याची वाट तिने उघडली.

दरम्यान आजार बदलत होते. १९७० पासून बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देणे सुरू झाले आणि १९७५ मध्ये भारतातून देवी गेली. आज जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाचा विकार ही कारणे अधिक पुढे आली आहेत. दुसरा विकार तर नवजात बालकांचे प्राण वाचवण्याच्या यशातूनच वाढला. अशा बाळाच्या डोळ्यांची तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत झाली तर दृष्टी बहुधा वाचते.

अंध कोणाला म्हणायचे, हे कायद्याने प्रथम १९९५ मध्ये ठरवले. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० च्या वर जात नसेल (साठ मीटरवरून दिसायला हवे ते सहा मीटरवरूनच दिसत असेल) किंवा दृष्टिक्षेत्र २० अंशांपेक्षा जास्त नसेल, तर ती व्यक्ती अंध. अल्पदृष्टीची व्याख्या मात्र त्यात आकड्यांविनाच राहिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही रेषा सरकवली. आता ३/६० पेक्षा कमी दृष्टी किंवा १० अंशांहून कमी क्षेत्र म्हणजे अंधत्व, आणि त्यापासून ६/१८ पर्यंतची दृष्टी म्हणजे अल्पदृष्टी. अल्पदृष्टीच्या मुलांसाठी ही नोंद फार मोलाची होती. फळा न दिसणारी ही मुले एक तर अंधशाळेत जात, नाही तर साध्या शाळेत ‘ढ’ ठरून मागच्या बाकावर जात. त्यांना गरज होती ती ठळक छपाईची, भिंगाची, चांगल्या उजेडाची आणि पुढच्या बाकाची.

बहुतेक सवलतींसाठी वैद्यकीय मंडळाचे किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असला तर ३० टक्केच धरले जातात, म्हणजे ते मूल या रेषेबाहेर राहते. रेषेच्या आतल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा कायदेशीर हक्क आहे. परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि दर तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात.

वाचनाची साधनेही वाढली. २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक निघाले. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे प्रकाशकाच्या परवानगीवाचून पुस्तकांच्या ब्रेल आणि ध्वनी आवृत्त्या काढता येऊ लागल्या, आणि २०१४ मध्ये याच हेतूचा माराकेश करार मान्य करणारा भारत पहिला देश ठरला. अडते ते शिक्षकापाशी. साध्या शाळेतल्या दृष्टिहीन मुलाला ब्रेल शिकवतो तो फिरता विशेष शिक्षक. त्याच्याकडे अनेक शाळा असतात, आणि ब्रेल तर मुलाच्या बोटांखालून रोज गेले तरच येते.