‘गॉडफादर’ : एका कॉकटेलच्या दोन दंतकथा

थ्रेड

स्कॉच व्हिस्की आणि अमारेत्तो हे बदामाच्या स्वादाचे इटालियन मद्य, एवढ्या दोनच घटकांच्या कॉकटेलला ‘गॉडफादर’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत दोन्ही प्रत्येकी ३५ मिलिलिटर. ठेंगण्या, रुंद ग्लासात बर्फ घालून त्यावर दोन्ही ओतायची आणि हलक्या हाताने ढवळायची. अमारेत्तो बरेच गोड असल्याने अनेक जण ते निम्म्यावर आणतात. स्कॉचची चव टिकवायची तर तेच शहाणपणाचे.

कृती एवढीच. गुंता इतिहासाचा आहे.

हे पेय १९७० च्या दशकात अमेरिकेत रुळले. मारिओ पुझो यांची कादंबरी १९६९ ची, कोपोला यांचा चित्रपट १९७२ चा. नाव त्या लाटेवर आले असे मानणे सयुक्तिक ठरते. मात्र ‘हे मार्लन ब्रँडोचे आवडते पेय’ हा दावा अमारेत्तो विकणाऱ्या कंपनीचा आहे. ज्याचा माल खपणार, तोच साक्षीदार! शिवाय चित्रपटातील कॉर्लिओनी घराणे सिसिलीचे, तर अमारेत्तोचे सारोन्नो गाव मिलानजवळचे, इटलीच्या पार दुसऱ्या टोकाचे.

दुसरी दंतकथा या सारोन्नोचीच. १५२५ मध्ये बेर्नार्दिनो लुईनी हा चित्रकार तेथील सांता मारिया देई मिराकोली या चर्चमध्ये भित्तिचित्रे रंगवत होता. मेरीच्या चित्रासाठी त्याने सराई चालवणाऱ्या एका विधवेला समोर बसवले आणि तिने कृतज्ञतेपोटी जर्दाळूच्या बियांचा गर ब्रँडीत मुरवून ते पेय त्याला भेट दिले, अशी ही कथा. डिसारोन्नो हा प्रसिद्ध ब्रँड आपला वारसा येथूनच मोजतो. लुईनी खरा, भित्तिचित्रेही खरी. पण भित्तिचित्र चित्रकाराच्या कामाची साक्ष देते, त्याच्या पेल्याची नव्हे. खऱ्या वस्तूच्या शेजारी ठेवलेली कथा तिच्याकडून विश्वासार्हता उसनी घेते.

गंमत म्हणजे डिसारोन्नोत बदाम नाहीच. तो ओळखीचा गंध बेन्झाल्डिहाइडचा; कडू बदामातील आणि जर्दाळूच्या गरातील अमिग्डालिनच्या विघटनातून तो निर्माण होतो. सुके जर्दाळू खाऊन बी फोडणाऱ्यांना तो परिचित असेल. (याच विघटनातून विषारी हायड्रोजन सायनाइडही निघते, कडू गर घरी मुरवण्याचा प्रयोग टाळावा.)

सारोन्नोशीच नाते सांगणारे लाझारोनी घराणे मात्र आपल्या अमारेत्तोसाठी १८५१ हे साल सांगते आणि ते अमारेत्ती नावाची बिस्किटे मुरवून बनवते.