चौऱ्याण्णव्या वर्षी आठवलेली आगगाडी

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पुणे-मिरज आगगाडी अडवली गेली. प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं कर्मचाऱ्यांच्या पगाराची रक्कम ताब्यात घेतली. शेणोली सातारा जिल्ह्यात. तुफान सेनेचं कुंडल आज सांगली जिल्ह्यात असलं, तरी तेव्हा ते औंध संस्थानात होतं. या मोहिमेतले रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे कॅप्टन भाऊ, तेव्हा विशीत होते. २०१६ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी, त्यांनी पत्रकार पी. साईनाथ यांना ती हकिगत सांगितली. ती लूट नव्हती, हा त्यांचा आग्रह तेव्हाही कायम होता.

त्र्याहत्तर वर्षांनंतर सांगितलेल्या गोष्टीवर किती विसंबायचं? क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार भूमिगत होतं. भूमिगतांनी कागद कमी ठेवले आणि पोलिसांनी जे ठेवले, त्यांत ही माणसं गुन्हेगार ठरली. त्यामुळे या इतिहासाचा मोठा भाग म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यातच राहिला.

त्या डोक्यात काय चालतं, हे पाहण्याची सोय अलीकडची. १९७१ मध्ये लंडनमधल्या एका रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९९० मध्ये जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी एमआरआयच्या चुंबकानं रक्तातल्या प्राणवायूचा बदल टिपता येतो, हे दाखवलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथं रक्त जास्त धावतं. त्यावरून माणूस आठवत असताना कोणता भाग जागा आहे, ते कळू लागलं.

आमच्या घरच्या दखनी बोलीत ‘याद करना’ म्हणजे पाठ करणंही आणि आठवणंही. मराठीनं मात्र पाठांतर आणि आठवण यांत फरक केला. शास्त्रज्ञांनाही तो करावा लागला. साठवणं हे एक काम आणि साठवलेलं वर काढणं हे दुसरं. कानशिलाच्या आत खोलवर असलेला, समुद्रघोड्यासारखा हिप्पोकॅम्पस दोन्ही कामांत लागतो आणि उतारवयात तो दरवर्षी एक-दोन टक्क्यांनी आकसतो. म्हणून सकाळी चष्मा कुठं ठेवला, ते सापडत नाही.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. २००२ मध्ये रॉबर्टो काबेझा आणि सहकाऱ्यांनी तरुणांची आणि वृद्धांची स्मरणशक्ती तपासताना त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह पाहिला. तरुणांच्या कपाळामागचा मेंदू मुख्यतः एका बाजूनं काम करत होता. ज्या वृद्धांची आठवण चांगली होती, त्यांच्या दोन्ही बाजू कामाला लागल्या होत्या. एका बैलाचं ओझं दोन बैलांनी ओढावं, तसं.

मानसशास्त्राचं आणखी एक निरीक्षण आहे. उतारवयात साधारण दहा ते तीस या वयातल्या घटना जास्त आठवतात. विशीतली आगगाडी म्हणूनच नव्वदीत दिसते. मात्र आठवण दरवेळी नव्यानं जुळवली जाते. सांगता सांगता तीत नंतर ऐकलेलं मिसळतं. तारीख, आकडा, नावं कागदाशी ताडूनच घ्यावीत. त्या दिवशी मनात काय होतं, हे मात्र कागद सांगत नाही.

कुंडलची ती पिढी आता आपल्यात नाही. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. त्यांना विचारायचं राहून गेलेलं आता कोणताही स्कॅन सांगणार नाही.

पण १९६७ चा कोयनेचा भूकंप विशीत पाहिलेली माणसं आज ऐंशीकडे झुकली आहेत. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडीकडं खडी फोडलेली माणसं सत्तरीपुढं आहेत. ती आज चष्मा विसरत असतील, पण त्या कामावर भाकरीला काय मिळत होतं, ते त्यांना विचारून पाहा. आणि सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा.