छागल आणि नामका चू

जैसलमेरला असताना आमच्या प्रत्येक गाडीला बाहेरून एक छागल टांगलेली असे. छागल म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी. कोरडी छागल भरली की आधी सगळीकडून ठिबकते. मग सुताचे धागे पाणी पिऊन फुगतात, वीण आवळते आणि गळती थांबते. ओल मात्र बाहेर झिरपत राहते. वाळवंटाच्या वाऱ्यात तिची वाफ होते आणि ती जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मे महिन्यातही घोटभर गार पाणी मिळायचं. घामाने भिजलेला सुती शर्टही अंगावर हेच काम करायचा.

पुढे बदली झाली तवांग भागात. एकदा गस्तीवरून परतलो तेव्हा बाहेरचे कपडे ठीक होते, पण आतलं सुती बनियन घामाने चिंब. लंगरच्या चुलीपाशी बसूनही दात वाजत होते. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, "अरे, तू छागलच अंगात घातलीयस. काढ आधी ती!"

त्या एका वाक्याने मला 1962 समजलं.

त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 7 ब्रिगेडला घाईने थागला रिजखाली, नामका चू नदीवर पाठवलं गेलं. तवांगच्या पुढे पायवाट. अनेक जवान उन्हाळी सुती गणवेशात, पायात कॅनव्हासचे बूट, सोबत एक घोंगडी. त्सांगधरला विमानातून टाकलेल्या सामानातलं बरंचसं दऱ्यांत गेलं. ब्रिगेड कमांडर जॉन दळवी यांनी 'हिमालयन ब्लंडर'मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे.

सूत भिजलं की धाग्यांमधली हवा जाते आणि तिथे पाणी बसतं. स्थिर हवेच्या मानाने पाणी शरीराची उष्णता सुमारे 25 पट वेगाने ओढून नेतं. लोकरीचं तसं नाही. तिच्या तंतूवर खवले असतात, त्यावरून पाण्याचा थेंब घरंगळतो. घामाची वाफ मात्र तंतू आत घेतो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही, आणि तो घेताना थोडी ऊब सोडते. तंतू कुरळा असल्यामुळे ओल्या जर्सीतही हवा टिकून राहते.

लोकरीतही खोट आहेच. ती भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि ओली असताना कमजोर पडते. सूत उलट ओलं झाल्यावर जास्त मजबूत होतं. म्हणून वाळवंटात सूत आणि बर्फात लोकर, इतकं साधं गणित आहे. हे गणित त्या वेळीही कोणाला नवीन नव्हतं. मेंढपाळांच्या अंगावर ते पिढ्यान्‌पिढ्या दिसत होतं.

20 ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला आला. तोवर थंडीने आणि उंचीने अनेकांना आजारी पाडलं होतं, काहींचा जीवही घेतला होता. उरलेले त्याच कपड्यांत लढले. ब्रिगेड काही तासांत मोडली. दोन दिवसांनी दळवी स्वतः कैद झाले.

नंतर नवी पोरं वर चढायला निघाली की मी त्यांचा पिट्ठू उघडून बघायचो. हत्यार, दारूगोळा तपासायला बाकीचे होते. मी आधी बनियन बघायचो.