घोडा, मैदान आणि गर्दी

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले आहे. मुंबईतील घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम वैशाखाच्या उकाड्यात आटोपत असताना बंगळूरचा उन्हाळी हंगाम मे महिन्यात सुरू होतो, त्याचे कारण ही उंचीच होय. पुढे पावसाळ्यात पुण्याची पाळी येते. घोडे, मोतद्दार आणि जॉकी असे ऋतुमानानुसार एका शहराकडून दुसऱ्या शहराकडे सरकत राहतात. मराठी घोडदळाचेही असेच एक पंचांग होते. पावसाळा छावणीत काढून दसऱ्यानंतर ते मोहिमेवर निघे. घोडा तोच, पण त्याच्या धावण्याचे प्रयोजन मात्र पार पालटले. हा पालट कसा घडला, हे पाहण्यास बंगळूरइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

1638 मध्ये विजापूरच्या फौजांनी केंपेगौडांच्या घराण्याकडून बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. जवळजवळ अर्धशतक येथे मराठी अंमल होता. 1687 मध्ये मोगलांनी शहर घेतले व तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हवाली केले. घोड्यांच्या टापांखाली मिळालेले शहर अखेर सौद्यात गेले, हा योग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

त्या काळच्या घोडदळात 'घोडा कोणाचा?' या प्रश्नाला फार महत्त्व होते. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार; सरकारी पागेतला घोडा वापरणारा तो बारगीर. शिवछत्रपतींच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, तसेच एक पखालजी आणि एक नालबंद असे. स्वार, पाणी देणारा आणि नाल ठोकणारा हे सारे एकाच व्यवस्थेचे घटक होते आणि घोड्याच्या दौडीवर सर्वांचेच बरेवाईट अवलंबून होते.

इंग्रजी अमदानीत ही वीण उसवली. 1809 मध्ये बंगळूरला इंग्रजांची लष्करी छावणी पडली, आणि जेथे छावणी तेथे शर्यत, असा हिंदुस्थानभरचा परिपाठच होता. मुंबईत प्रथम भायखळ्याला आणि 1883 पासून महालक्ष्मीला घोडे धावू लागले. आरंभी अरबी घोड्यांचा बोलबाला होता; पुढे इंग्लंडात निपजलेल्या थरोब्रेड जातीने मैदान काबीज केले. या जातीची वंशावळ तीन पौर्वात्य वळूंपर्यंत जाऊन पोहोचते आणि 1791 पासून ती ग्रंथबद्ध झालेली आहे. भीमथडीच्या काटक तट्टाला या नोंदवहीत जागा नव्हती.

मराठी राजघराण्यांनीही हा नवा घोडा जवळ केला. 1943 मध्ये पहिली इंडियन डर्बी जिंकणारी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांची होती. 1945 मध्ये त्यांनी 28,000 गिनी मोजून एक शिंगरू विकत घेतले, त्याला आपल्या आजोबांचे, सयाजीरावांचे, नाव दिले आणि त्या घोड्याने 1947 मध्ये इंग्लंडातील सेंट लेजर ही शर्यत जिंकली. गुजरात घोड्यावरून जिंकणाऱ्या दमाजी गायकवाडांच्या वंशजाचा हा दिग्विजय परक्या हिरवळीवर झाला. 1951 मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची गादी काढून घेतली. ज्यांच्या नावाने तो घोडा धावला, त्या सयाजीरावांनी तिजोरीचा पैसा शाळा आणि ग्रंथालयांवर खर्चिला होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

बंगळूरच्या मैदानापासून पश्चिमेस काही किलोमीटरवर राजाजीनगर आहे. स्वातंत्र्यानंतर औद्योगिक वसाहत म्हणून ते आकारास आले, आणि 1937 मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणणाऱ्या राजगोपालाचारींचे नाव त्याला लाभले. व्यसनाविरुद्ध कंबर कसलेल्या पुरुषाच्या नावाची कामगारवस्ती आणि पैजेचे मैदान अशी ही शेजारणींची जोडी आहे. उन्हाळ्यातील शर्यतीच्या दिवशी मैदानातील गर्दी पाहावी. डोक्यावर ऊन, हातात घोड्यांची पुस्तिका, नजर फेरी मारणाऱ्या घोड्यांवर. अर्धा तास वाट पाहावी, तेव्हा सव्वा मिनिटाची धाव दिसते. टोटच्या खिडकीवर जमलेल्या रकमेतून आधी कर आणि क्लबचा हिस्सा वजा होतो; उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. म्हणजे समस्त गर्दीला मिळून परत येणारे धन तिने आणलेल्या धनाहून नेहमीच कमी असते. एखादा जिंकतो, गर्दी कधीच जिंकत नाही.

मग हा जुगार नव्हे काय? मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्यासाठी 1986 मध्ये केलेला कायदा रद्द ठरविताना, 12 जानेवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. घोड्याची पैदास, त्याची तालीम, जॉकीचे कसब आणि पैज लावणाऱ्याचा अभ्यास यांचा त्यात विचार होता. हा युक्तिवाद सबळ आहे. तथापि, कौशल्य कोणाचे आणि तोटा कोणाचा, हा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. जॉकी हा आजचा बारगीर आहे. घोडा मालकाचा, जीव त्याचा. आणि गर्दीतला माणूस ना शिलेदार ना बारगीर. त्याच्या मालकीची असते ती केवळ खिशातली मजुरी.

आता मैदानांवरच वाद उभा आहे. बंगळूरच्या मध्यवस्तीतील सुमारे 85 एकरांच्या भाडेपट्ट्याची मुदत 2009 मध्ये संपली आणि तंटा न्यायालयांत गेला. महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकर जागा उद्यानासाठी मुंबई महापालिकेकडे देण्याचे 2024 मध्ये ठरले. शहर दाटत गेले, तशी मोकळ्या जमिनीची किंमत घोड्याहून मोठी झाली. शर्यत राहो वा जावो. ज्या गर्दीच्या पैशावर ही मैदाने इतकी वर्षे हिरवी राहिली, तिला त्या हिरवळीवर तिकिटावाचून पाय ठेवता येईल काय, यावरच या इतिहासाचा निवाडा व्हावा.